लाल वहीतला रकाना

माझं माहेर निपाणीचं आणि सासर इचोड्याचं. इचोडा म्हटलं की आपल्याकडची माणसं अजूनही "म्हणजे नेमकं कुठं?" असं विचारतात, म्हणून आधी पत्ता सांगते. आदिलाबादहून निर्मलकडे निघालं की गुडिहत्नूरच्या पुढं, हमरस्त्यालाच आमचं गाव लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हा हा रस्ता ७ नंबरचा होता आणि राज्य आंध्र प्रदेश होतं. आता रस्त्याचा नंबर ४४ आहे आणि २०१४ पासून राज्य तेलंगणा. त्याही आधी, १९५६ पर्यंत, हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यात होता. पाट्या बदलल्या, घर तिथंच राहिलं आणि घरातली भाषाही मराठीच राहिली. सीमाभागातल्या वाचकांना यात नवल वाटायचं कारण नाही.

इथल्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी, लंबाडी आणि दखनी उर्दू अशा सगळ्या भाषा एकाच वेळी कानावर पडतात. लग्नानंतर महिन्याभरातच मी दुकानांवरच्या तेलुगू पाट्या वाचू लागले, तेव्हा सासरची मंडळी चकित झाली. त्यातलं गुपित आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. आई चिकोडीकडची, कन्नड शाळेत शिकलेली. तिनं मला कन्नड अक्षरं गिरवायला लावली होती, आणि कन्नड-तेलुगूची अक्षरं म्हणजे सख्ख्या बहिणी! वाचता यायचं, अर्थ मात्र कळायचा नाही. मामंजी हसून म्हणाले होते, "वाचता येतं पण समजत नाही, म्हणजे बँकेच्या कागदासारखंच झालं की!" पुढं तेलुगू आली, इथल्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची नोकरीही लागली, आणि मी इचोड्याची झाले.

मामंजींचं दुकान बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं. हा कापसाचा आणि सोयाबीनचा मुलूख. मृगाच्या आधी बियाणं न्यायचं, मधे खत न्यायचं आणि कापूस विकला की पैसे द्यायचे, असा शिरस्ता. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने दुकान उधारीवर चालतं. उधारी देणं हे काही पुण्यकर्म नव्हे. दुकानदार तिची किंमत धरूनच असतो, हे मी घरातली असूनही सांगते. पण त्या उधारीची एक रीत होती आणि ती मामंजींच्या लाल कापडी वहीत होती.

माझे वडील निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत कारकून होते, त्यामुळं रोजकीर्द आणि खतावणी मला लहानपणापासून ओळखीची. कन्नडातही त्यांना किर्दी आणि खतावणीच म्हणतात, आणि उधारीला उद्री. पण मामंजींची वही कुठल्याच नमुन्यात बसणारी नव्हती. नाव, गाव आणि रक्कम तर असायचीच. त्यापुढं बारीक अक्षरात आणखी काहीतरी लिहिलेलं असायचं. "बैल विकला, घाई करू नये." "थोरला हैदराबादेत असतो. त्याच्याकडे मागू नये, बापाला लागतं." "नागोबाच्या जत्रेनंतर देतो म्हणाला." ही नागोबाची जत्रा आमच्याजवळच केसलापूरला पौष अमावास्येला भरते. मेश्राम कुळातले गोंड बांधव तिथं पूजा करतात आणि लांबलांबून लोक येतात. तोवर कापसाचे पैसे हातात आलेले असतात, म्हणून वायदा जत्रेचा!

दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मामंजींना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचेवरही परिणाम झाला. शब्द डोक्यात असायचा, ओठांवर यायचा नाही. दिवाळीत वसुलीची वेळ आली तेव्हा आम्हाला कळलं, की वही तर आपल्याकडं आहे, पण ती वाचणारा माणूस अडकला आहे. "दाढीवाला, नाल्यापलीकडचा" म्हणजे कोण? "मागचं मिटवलं" म्हणजे पैसे घेऊन की सोडून देऊन? आमचे हे दुकानात बावीस वर्षं बसलेले, पण त्यांनाही निम्म्या ओळींचा अर्थ लागेना. गावोगावी गुंतलेले पैसे होते, कंपन्यांची देणी अंगावर होती आणि घरात आजारपण.

तेव्हा हैदराबादला नोकरी करणारा आमचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, सीआरएम घ्या. सगळी गिऱ्हाइकं त्यात भरून टाका."

आता सीआरएम म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या बाईला ठाऊक असायला हवं. पण खरं सांगते, मी ते तेव्हाच नीट वाचलं. गिऱ्हाइकाशी असलेलं नातं सांभाळण्याचं सॉफ्टवेअर. कोण आलं, काय घेतलं, काय बोलणं झालं, पुन्हा कधी विचारायचं, हे सगळं एका ठिकाणी. अमेरिकेत १९९३ मध्ये टॉम सीबेल यांनी सुरू केलेली कंपनी अशी सॉफ्टवेअर मोठमोठ्या कंपन्यांना विकायची. ती कंपनी पुढं ओरॅकलनं घेतली. १९९९ मध्ये सान फ्रान्सिस्कोला सेल्सफोर्स सुरू झाली आणि तिनं रीतच बदलली. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही, इंटरनेटवरून भाड्यानं वापरायचं, माणशी दरमहा इतके पैसे. आपल्याकडं झोहो कंपनीनं २००५ मध्ये आपलं सीआरएम आणलं. तमिळनाडूत तेनकाशीजवळच्या खेड्यात तिची मोठी कचेरी आहे, हे वाचून मला बरं वाटलं. खेड्यात बसून सॉफ्टवेअर करता येतं, तर खेड्यात बसून ते निवडताही येईल!

आमच्याकडं बिलांसाठी टॅली आधीपासून होतं. ते तर आपल्या बंगळूरचं. गोएंका पिता-पुत्रांनी १९८६ मध्ये कंपनी काढली. वडिलांना स्वतःच्या धंद्यासाठी हिशेबाचं धड सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी मुलालाच लिहायला सांगितलं, अशी तिची जन्मकथा आहे. पण टॅली हिशेब ठेवतं. कोणाकडून किती येणं आहे ते सांगतं. ते कसं मागावं, कधी मागू नये, हे सांगणं त्याचं काम नव्हे. आम्हाला अडचण होती ती नेमकी तिथंच.

शहरातून एका कंपनीचा प्रतिनिधी आला. तरतरीत मुलगा, गळ्यात पट्टा, हातात लॅपटॉप. त्यानं पडद्यावर एक नरसाळं दाखवलं. वरून पुष्कळ चौकश्या येतात, गाळून गाळून खाली थोडी गिऱ्हाइकं उरतात, असा त्याचा अर्थ. मामंजी मागं खुर्चीवर बसून बघत होते. बराच वेळ धडपडून त्यांनी एक शब्द काढला, "आजा." मुलाला कळेना. मला कळलं. त्यांना म्हणायचं होतं, की आमच्याकडं माणूस नव्यानं येतच नाही. त्याच्या आज्यापासून तो येतोच आहे. आमच्या धंद्याचं चित्र नरसाळ्याचं नाही, रहाटगाडग्याचं. तीच गाडगी दर हंगामाला रिकामी खाली जातात आणि भरून वर येतात. एखाद्या वर्षी विहीरच आटली तर रिकामीही येतात.

त्या रात्री मला एका शब्दानं झोप येऊ दिली नाही. आपल्या कन्नडमध्ये 'गिराकी' म्हणजे गिऱ्हाईक, जितंजागतं माणूस. तेलुगूत 'गिराकी' म्हणजे मालाला असलेली मागणी. शब्द एकच, पण एका भाषेत त्याला तोंड आहे आणि दुसरीत नाही. मी वर्गात फळ्यावर मागणीचा वक्र काढते, तो दुसऱ्या अर्थाचा. मामंजींची वही होती पहिल्या अर्थाची. आम्ही जे विकत घेणार होतो, ते कुठल्या अर्थाचं होतं?

आपल्या भागाला हा प्रश्न नवा नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि पुढं लोखंडी नांगर बनवायला घेतला. नांगर उत्तम होता, पण शेतकरी हात लावेना. लोखंडानं जमिनीला विष चढेल, अशी त्याची समजूत. सुरुवातीचे नांगर कसेबसे विकले गेले. गिऱ्हाईक मूर्ख आहे असं म्हणून लक्ष्मणराव थांबले नाहीत, त्याची भीती कशात आहे ते त्यांनी समजून घेतलं. पुढं १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. आपण ज्याला 'किर्लोस्कर' मासिक म्हणून ओळखतो, त्याची सुरुवात कारखान्याच्या बातम्या लोकांपर्यंत पोचवणाऱ्या त्या छोट्या पत्रिकेतून झाली. संगणक नसताना सांभाळलेलं ते गिऱ्हाइकाशी नातंच होतं.

मग मी एका कागदावर प्रश्नपत्रिका काढली. मास्तरणीला दुसरं काय येतं! पहिला प्रश्न: रोज हे भरणार कोण? ज्याला वेळ नाही त्याच्या नावावर काम टाकलं, तर महिन्याभरात धूळ बसेल. दुसरा: नाव कुठल्या भाषेत लिहायचं? तिसरा: नेट गेलं तर चालेल का? चौथा: भाडं माणशी आहे, तर माणसं किती? महिन्याला माणशी पाचशे रुपये धरले, तरी चार जणांचे वर्षाला २४,००० होतात. आमच्या दुकानाला तेवढी माणसं लागतात का? पाचवा: उद्या हे सोडायचं झालं, तर आपली नावं एक्सेलच्या तक्त्यात परत मिळतील का? सहावा: मोबाइल नंबर आणि उधारी ही लोकांची खासगी माहिती. २०२३ मध्ये संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला, त्याचं सार असं की ज्याची माहिती, त्याची संमती. आपण कोणाला विचारलं आहे का?

प्रश्न चांगले होते. पण उत्तरांची वाट कोण बघतो! दिवाळीनंतर घाई होती. आम्ही एक सॉफ्टवेअर वर्षाच्या भाड्यानं घेतलं. नाव सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हती. कॉलेजच्या दोन मुलांनी आठवड्याभरात साडेतीनशे नावं इंग्रजी अक्षरांत भरली. एकच लक्ष्मण तीन स्पेलिंगांनी तीन ठिकाणी गेला. एकाच नाव-आडनावाचे अकरा जण एकमेकांत मिसळले. नमुन्यात जन्मतारखेचा रकाना होता, तोही मुलांनी आधार कार्डावरून भरला. परिणाम असा, की १ जानेवारीला सकाळी आमच्या दुकानातून शे-सव्वाशे लोकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या. ज्यांची जन्मतारीख कोणाला माहीत नव्हती, त्या सगळ्यांच्या कार्डावर १ जानेवारीच लिहिलेली! दिवसभर दुकानात हशा. एक आजोबा तर म्हणाले, "शेठ, पेढे कुठं आहेत?" आम्हीही हसलो. ती पहिली सूचना होती, आम्ही ती थट्टेवारी नेली.

मे महिन्याच्या शेवटी सॉफ्टवेअरनं थकबाकीचे संदेश पाठवले. आपोआप जायची सोय होती, आणि आम्ही ती चालू ठेवली होती. दोन दिवसांनी एक बाई दुकानात आली. बारा-तेरा वर्षांची मुलगी बरोबर. बाईनं फोन माझ्यापुढं धरला. "बाई, हे काय आलं पाहा. मले वाचता येत नाही. पोरीनं वाचून दाखवलं."

संदेश तिच्या नवऱ्याच्या नावानं होता. अमुक रुपये थकले आहेत, ताबडतोब भरा आणि नव्या हंगामाच्या सवलतीचा लाभ घ्या. त्या खाली हसरा चेहरा.

तो माणूस फेब्रुवारीत गेला होता. आमचे हे स्वतः त्याच्या मातीला गेले होते. घरी येऊन त्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी हळहळले होते. आम्हा दोघांनाही माहीत होतं. फक्त कॉम्प्युटरला कोणी सांगितलं नव्हतं.

बाईनं पदराची गाठ सोडली. दोन हजार रुपये होते. "एवढेच जमले," म्हणाली. "पोरगी म्हणे, ताबडतोब लिहिलं आहे." मला तोंड वर करवेना. रोज वर्गात ग्राहकाच्या हक्कांवर बोलणारी मी, त्या नोटांकडं बघत उभी राहिले.

मामंजी खुर्चीतून हात हलवू लागले. डावा हात कपाटाकडं. ह्यांनी लाल वही आणली. मामंजींनी डाव्या हातानं पानं उलटली, फार वेळ लागला, कोणी मदत केली नाही. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. रकमेपुढं लिहिलं होतं, "लेकीची शाळा आहे. तिचं होईस्तोवर मुद्दल सावकाश." तारीख झटक्याच्या दोन महिने आधीची. मामंजींनी मुलीकडं बघितलं, आणि ओठांशी खूप झटापट करून विचारलं, "कितवी?"

"आठवी," ती म्हणाली.

पैसे आम्ही परत केले. ती घेईना, तेव्हा मुलीच्या दप्तराला म्हणून हातात ठेवले. त्यात काही मोठेपणा नव्हता. शब्द आधीच दिलेला होता, तो आमच्याकडून मोडला गेला होता, एवढंच. आम्ही साडेतीनशे नावं भरली होती, नंबर भरले होते, जन्मतारखा भरल्या होत्या. वहीतला तो शेवटचा, बारीक अक्षरांतला रकाना तेवढा भरला नव्हता, कारण नमुन्यात तो नव्हता आणि आम्हाला तो बिनमहत्त्वाचा वाटला होता.

त्या रात्री ह्यांचं म्हणणं पडलं, की सगळं बंद करून टाकू. मुलगा फोनवर गप्प होता. मलाच ते पटेना. मामंजी उद्या नसतील, तेव्हा वही पुन्हा मुकी होईल. दोष सॉफ्टवेअर घेण्यात नव्हता. प्रश्नपत्रिका काढून उत्तरं न लिहिता पेपर दिला, त्यात होता.

पुढचे काही आठवडे मी सहाही प्रश्नांची उत्तरं लिहून काढली. भरणारी माणसं दोनच: हे आणि मी. नावं तो माणूस सांगेल तशी, मराठीत किंवा तेलुगूत, आणि एका माणसाचं एकदाच. मोठ्या पॅकेजऐवजी सर्वांत लहान पॅकेज, ज्यात नेट नसतानाही लिहिता येतं, सगळी यादी बाहेर काढता येते आणि टिपणांना हवी तेवढी जागा मिळते. हिशेब टॅलीतच राहिला. बियाणं आलं, खत आलं एवढं कळवायला २०१८ मध्ये आलेलं व्हॉट्सॲप बिझनेस पुरलं. ते फुकट आहे, आणि गावांप्रमाणे खुणेच्या चिठ्ठ्या लावता येतात. ज्यांनी हो म्हटलं, त्यांनाच संदेश. पैशाचा संदेश आपोआप कधीच जाणार नाही. पैशाबद्दल माणूसच बोलेल, तेही आधी टिपण वाचून.

आणि टिपणं कोण सांगणार? मामंजी. डॉक्टरांनी त्यांना जमेल तेवढं बोलतं ठेवा म्हणून सांगितलंच होतं. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर मी वही आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याजवळ बसू लागले. एक पान, कधी अर्धं. मी नाव वाचायची, ते आठवायचे, शब्द शोधायचे. "दाढीवाला" कोण ते आठव्या दिवशी कळलं. एखादा शब्द मराठीत अडला, तर तेलुगूत निघायचा. एकदा तर गोंडीत निघाला आणि आम्हा दोघांनाही हसू आवरेना. त्यांची वाचा पूर्ववत झाली असं म्हणणार नाही. पण ती तासाभराची बैठक त्यांनी एक दिवसही चुकू दिली नाही. वहीतली सगळी पानं संपायला जवळजवळ पाच महिने लागले.

या कामात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि मामंजींचा मान राखूनही ती सांगायला हवी. त्यांच्या वहीत एकाही बाईचं नाव नव्हतं. "अमक्याची घरवाली", "तमक्याची आई". निंदणी-वेचणी करणाऱ्या, बियाणं निवडून नेणाऱ्या बाया, पण वहीत बिननावाच्या. सॉफ्टवेअर मात्र नाव भरल्याशिवाय पुढं सरकतच नाही. ते अडून बसतं. ज्या यंत्रावर मी महिनाभर चिडले होते, त्यानंच मला हे विचारायला लावलं. मामंजींना मी तसं म्हटलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "विचार. लिही."

यंदा मृगाच्या आधी ती बाई पुन्हा आली. कापसाचं बियाणं हवं होतं, नेहमीच्या वायद्यावर. मी लॅपटॉप उघडला आणि जुनं खातं मिटवून तिला नाव विचारलं. ती आधी नवऱ्याचंच सांगू लागली. मी म्हटलं, "तुमचं सांगा." तिनं हळूच सांगितलं. मोबाइल नंबर मुलीनं सांगितला, संदेश पाठवू का तेही मी विचारलं. ती हसली. "पाठवा," म्हणाली, "पण ताबडतोब नका लिहू."

टिपणाच्या रकान्यात काय घालायचं, म्हणून मी मागं वळून मामंजींकडं बघितलं. त्यांनी मुलीकडं बोट केलं.

"नववी," मी लिहिलं.